मुक्या ढोलाचा दिवस

मी बॅण्डवाल्याची मुलगी आहे, हे मी लग्नाआधी सांगितलं, लग्नानंतर सांगितलं, आणि आता साठी उलटल्यावर बारामतीत एमआयडीसीच्या अलीकडं राहायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी शेजारणीलाही सांगून टाकलं. ती बिचारी म्हणाली, "अय्या, म्हणजे म्युझिकमध्ये का?" मी म्हटलं, म्युझिकमध्ये नाही, बॅण्डमध्ये. वरातीपुढं लाल कोट घालून चालतात ना, ते. तिचा चेहरा जरा पडला आणि मला बरं वाटलं. माझा स्वभावच तसा आहे. समोरच्यानं एखादी गोष्ट झाकायला मदत केली की मी ती मुद्दाम उघडी करते. हे आईकडून आलंय. त्या आईबद्दल आणि तिनं गळ्यात ढोल अडकवला त्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे.

आमचं गाव बारामतीहून इंदापूरकडं जाताना कालव्याच्या कडेला लागतं. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस आणि वरच्या अंगाला कुसळं. आमची आळी अर्थातच वरच्या अंगाला. घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याचं लांबलचक छप्पर, आणि त्या छपरात माणसांपेक्षा वाद्यंच जास्त. सकाळी माझे थोरले चुलते, ज्यांना अख्खी आळी तात्या म्हणायची, दारात उभे राहून कार्नेटवर एकच सूर धरायचे, दम संपेपर्यंत. कोंबड्यांनाही त्याची सवय झाली होती. पाहुण्यांना मात्र होत नसे, ते अंथरुणात दचकून उठून बसायचे. तात्यांचे जिवलग युनूसभाई क्लॅरिनेट वाजवायचे. क्लॅरिनेटची वेताची पट्टी ओली लागते म्हणून ते ती सतत जिभेखाली ठेवायचे, बोलायचे तेही ती तशीच ठेवून, त्यामुळं त्यांचं निम्मं बोलणं फक्त तात्यांनाच कळायचं. पितळ उजळायचं काम आईचं आणि माझं. चिंच आणि राख घेऊन आम्ही दोघी घराच्या मागं बसायचो, पुढं कधीच नाही. कारण चिंच दिसली की फुंकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि मग सूर निघत नाही, नुसता फुस्स आवाज येतो. गावातल्या टारगट पोरांना हे पक्कं ठाऊक होतं. ऐन वरातीत ती तात्यांच्या समोर उलटी चालत चिंचेचं बोटूक चाटायची. तात्या डोळे मिटून वाजवायचे आणि गाणं संपल्यावर त्या पोरांच्या बापाचं नाव घेऊन जे काही बोलायचे ते इथं लिहीत नाही.

लग्नसराईत आमच्या घरी बुंदीची रेलचेल असायची आणि लग्नसराई संपली की हुलग्याचं माडगं. मला माडगंच जास्त आवडायचं, कारण ते आमच्या चुलीवर शिजलेलं आणि आमच्याच वेळेला मिळायचं. लग्नातली बुंदी सगळ्या पंगती उठल्यावर, मांडवाच्या मागं, चुलवणाशेजारी बसून खावी लागायची. नवरदेवाला घोड्यावरून मारुतीपर्यंत नेणारे आम्ही, आणि जेवायला मांडवाच्या मागं. आई तिथं कधी जेवली नाही. "घरी ठिवलीया भाकर," म्हणायची आणि तोंड फिरवायची. लहान असताना मला तिचा राग यायचा, कारण ती उठली की मलाही उठावं लागायचं.

तर हे तात्या आणि माझे वडील बबन, दोघं भाऊ पलटणीच्या बॅण्डमध्ये होते. भरतीला गेले तेव्हा तात्यांना सनई येत होती आणि वडिलांना हलगी. पलटणीनं एकाच्या हातात कार्नेट दिलं आणि दुसऱ्याच्या गळ्यात मोठा ढोल अडकवला. युनूसभाई त्यांच्या मागोमाग गेले. तात्या कागदावरचे विलायती सूर घडाघडा वाचायचे, एसटीवरची पाटी वाचायला मात्र त्यांना वेळ लागायचा. लोकांना वाटतं, पलटणीतला बॅण्ड म्हणजे साहेबलोकांच्या जेवणाला वाजवायची चैन. लढाई लागली की काय होतं ते मी सांगते. वाद्यं पेटाऱ्यात घालून कुलूप लावतात आणि बॅण्डवाल्यांच्या हातात स्ट्रेचर देतात. जिथं गोळ्या चालल्या असतील तिथं जायचं, पडलेला माणूस उचलायचा आणि मागं आणायचा. दोन्ही हातांत स्ट्रेचरचे दांडे. स्वतःला वाचवायचं म्हटलं तरी हात मोकळा नाही. हे माहीत नसलेली माणसं जेव्हा शौर्यावर भाषण करतात तेव्हा मला उठून जावंसं वाटतं, आणि बहुतेक वेळा मी उठून जातेच.

बांगलादेशच्या लढाईत एकाच स्ट्रेचरला तात्या पुढं होते आणि वडील मागं. तात्यांनी हे सगळं एकदाच सांगितलं, भर दुपारी, कोटाची उसवलेली कॉलर शिवता शिवता, माझ्याकडं न बघता. "मागची बाजू येकदम खाली गेली. म्या म्हनलं, बबन्या, नीट धर की. तर बबन्या बोलंचना." स्ट्रेचरवरचं पोरगं जिवंत होतं. बॅण्डवाल्यांचा नियम असा, की ज्याच्यात धुगधुगी आहे त्याला आधी न्यायचं. तात्यांनी सख्खा भाऊ तिथंच ठेवला, त्या पोराला पाठीवर घेतलं, नेऊन पोचवलं आणि मग परत गेले. ते पोरगं कुठलं, जगलं की नाही, आम्ही कधी शोध घेतला नाही. जगलं असणार असं धरून चाललो. मला वडील फारसे आठवत नाहीत. सुट्टीवर आले की झोपवताना माझ्या पाठीवर बोटांनी ताल धरायचे, तेवढं आठवतं. त्या तालानं झोप लागायच्या ऐवजी मी उठून बसायची, असं आई सांगायची.

लढाई संपली. काही वर्षांनी तात्या आणि युनूसभाई पेन्शन घेऊन घरी आले आणि त्यांनी गावात बॅण्ड उभा केला. पहिल्याच मार्गशीर्षात, वडील गेले त्या दिवशी, तात्यांनी बॅण्ड गावातून काढला. सुपारी नाही, लग्न नाही, काही नाही. सगळे कोट-टोपी घालून, आणि सगळ्यांत पुढं ढोल. पण ढोल वाजवायचा नाही. आदल्या दिवशीच त्याच्या दोऱ्या सैल करून टाकायच्या आणि टिपऱ्या घरी देवळीत ठेवायच्या, म्हणजे सवयीनंही कुणाचा हात पडायला नको. ताशावालाही रिकाम्या हातानं चालायचा. आता ज्याला बॅण्डचं थोडंफार कळतं तो सांगेल की ढोलाशिवाय बॅण्ड चालू शकत नाही, पाय कुठं टाकायचा तेच कळत नाही. म्हणून तात्यांनी सगळ्यांना पलटणीचे खिळ्यांचे जुने बूट आणून दिले होते. ताल बुटांचा. पलटणीत शिकलेली एक सावकाश चालीची धून, वर कार्नेट आणि क्लॅरिनेट, आणि खाली नुसता बुटांचा आवाज. पहिल्या वर्षी लोक हसले. "तात्या, ढोल फाटला का रं?" असं कुणीतरी पारावरून ओरडलं. तात्यांनी वाजवणं थांबवलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. आईनं दिलं. ती दारात उभी होती, तिथूनच म्हणाली, "ढोल न्हाय फाटला, तुझं तोंड फाटलंया."

बॅण्ड दोन दारांशी थांबायचा. एक आमचं आणि दुसरं गोदाक्काचं. गोदाक्का खालच्या अंगाच्या, उसावाल्या. त्यांचा बाजीराव त्याच लढाईत गेला, तो बंदूकवाला शिपाई होता. पहिल्या वर्षी बॅण्ड दारात आला तेव्हा त्यांना काय करावं ते कळेना. धून संपल्यावर त्यांनी सगळ्यांना गूळ आणि पाणी दिलं, पाणी वरून ओंजळीत ओतून, जसं तेव्हा आम्हाला द्यायचे. दुसऱ्या वर्षीही वरूनच. तिसऱ्या वर्षी त्या घागर आणि तांब्या घेऊन बाहेर आल्या, तांब्या तात्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घ्या तुमचं तुमी, माझा हात दुकतोय." हात दुखत होता की काय, देव जाणे. पुढं कधी त्यांचा हात बरा झाला नाही. मी हे कौतुकानं लिहीत नाही. आधीची दोन वर्षंही मला तितकीच आठवतात.

मी दहावीत होते तेव्हा गावानं ठरवलं की शाळेच्या फाटकाशी लढाईतल्या हुतात्म्यांचा दगड उभारायचा. प्रजासत्ताक दिनाला पुण्याहून मोठे पाहुणे येणार होते. सरपंच रावसाहेब स्वतः आमच्या आळीत आले. हे आक्रीतच होतं. आईनं चहा टाकला, तर म्हणाले, "नगं, आत्ताच झालाया." त्यांनी तात्यांच्या हातावर सुपारी ठेवली. बॅण्डच्या धंद्यात सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. मग घरात मयत झालं तरी वाजवायला जायचं. तात्यांनी सुपारी कपाळाला लावून घेतली. त्यांचे डोळे भरले होते. "बबनचं नाव दगडावर येतंया," रावसाहेब गेल्यावर ते युनूसभाईंना म्हणाले. रावसाहेब तसं काही बोललेच नव्हते. पण हुतात्म्यांचा दगड आणि त्यावर बबन नाही, असं तात्यांच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याही आलं नाही. आम्हा सगळ्यांची तीच चूक झाली. आईनं त्या आठवड्यात माझ्यासाठी नवीन परकर शिवला आणि मी वर्गात मैत्रिणींना सांगून मोकळी झाले.

दगड बारामतीहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आला. गोणपाटात गुंडाळून शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. मधल्या सुट्टीत मी गोणपाट वर केलं. वर मोठ्या अक्षरांत बाजीरावाचं नाव. त्याखाली पाहुण्यांचं नाव, त्याखाली सरपंचांचं, मग समितीच्या लोकांची. मी खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वरून वाचलं. कडेला बघितलं, मागच्या बाजूलाही बघितलं. अजूनही तो दगड डोळ्यांपुढं आला की माझ्या कानशिलात गरम होतं. मेलेला एक आणि उद्घाटन करणारे इतके, आणि त्या सगळ्यांत माझ्या बापाला जागा नाही. मी दप्तर तिथंच टाकलं आणि घरी पळत आले.

तात्या रावसाहेबांकडं गेले, मी मागोमाग गेले. रावसाहेब ओट्यावर बसले होते. तात्या पायरीखाली उभे. रावसाहेब ओरडले वगैरे नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "तात्या, आरं त्यो पलटणीत वाजवाया हुता. लढाईत बंदूक हुती का त्येच्या हातात? दगडावर लढणाऱ्याचं नाव आसतंया. उद्या सैपाक्यांची नावं घाला म्हनतील." तात्या एवढंच म्हणाले, "गोळी त्येलाच लागली न्हवं, रावसाहेब?" रावसाहेब म्हणाले, "गोळीला काय, ती बैलालाबी लागती." तात्या वळले आणि घरी आले. घरी येऊन त्यांनी कार्नेट घेतलं आणि फडक्यानं पुसत बसले. ते आधीच लखलखत होतं.

"सुपारी फेकून या त्येच्या तोंडावर," आई म्हणाली.

"घेतलेली सुपारी परत देत न्हाईत."

"मग वाजवनार तुमी? ज्या दगडावर त्ये न्हाईत त्या दगडाम्होरं?"

"शबूद दिलाया, पारू. आपल्याकडं दुसरं काय हाय? सुपारी मोडली तर त्ये म्हनतील, बगा, ह्या लोकांचा शबूद आसाच."

ते खरं होतं, आईलाही ठाऊक होतं. युनूसभाईंनी जिभेखालची पट्टी काढली, आणि ती काढली म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार. "वाजवायला बोलावलंय ना? वाजवू. काय वाजवायचं ते थोडंच सांगितलंय," ते म्हणाले. मी चौकटीत उभी होते. मी म्हटलं, "मार्गशीर्षातलं वाजवा. मुका ढोल न्या." तात्यांनी मान वर केली. मग तात्या म्हणाले, "ढोलवाला आपला सरपंचाच्या वावरात कामाला हाय. त्येला ह्यात नगं घालाया. ढोल कोन घेनार?" आई चुलीपाशी गेली होती. तिथूनच म्हणाली, "म्या घेनार."

तात्या दचकलेच. बाईमाणूस बॅण्डमध्ये, आणि तीही विधवा, मंगल कार्याला सगळ्यांच्या पुढं. "पारू, लोक आपशकुन म्हनतील गं." आईनं तवा चुलीवर ठेवला आणि म्हणाली, "हुईल त्यो त्या दगडाला हुईल. मला काय व्हायचं ऱ्हायलंया?" आणि भाकरी थापायला लागली. त्या रात्री भाकरी करपल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी त्या तशाच खाल्ल्या.

प्रजासत्ताक दिनाला आम्ही आळी आणि गाव यांच्यामधला ओढा ओलांडून गावात शिरलो. आईनं नऊवारीचा काष्टा घट्ट मारला होता, त्यावर वडिलांचा पलटणीतला पट्टा, आणि पट्ट्याला छातीवर ढोल. ऊस तोडून तिचे खांदे मजबूत होते, तिला ते ओझं काहीच नव्हतं. तिच्या मागं तात्या, युनूसभाई आणि बाकीचे. मी बॅण्डच्या कडेनं चालत होते, कुणी तिला धक्का दिला तर काय करायचं याचा विचार करत. पारावरची माणसं उठून उभी राहिली. कुणी हसलं नाही. दारादारांतून बायका बघत होत्या आणि एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "आगं बया, पारू!" आई समोर बघून चालत राहिली. बूट वाजत होते.

शाळेपाशी मांडव होता, दगडावर रेशमी कापड आणि शेजारी खुर्च्या. वीरमाता म्हणून गोदाक्कांना खुर्चीवर बसवलं होतं, त्या अवघडून टोकावर बसल्या होत्या. पाहुण्यांची जीप आली. तात्यांनी कार्नेट ओठाला लावलं आणि सावकाश चालीची ती धून सुरू झाली. रावसाहेब धावत आले. "आरं, काय मयताला आलाय का? ढोल वाजवा, ढोल! पाव्हनं आलं!" तात्या वाजवत राहिले. सुपारी घेतलेला माणूस मध्येच थांबत नाही. मग रावसाहेब आईसमोर आले, तिच्याकडं न बघता ढोलाकडं बघून म्हणाले, "वाजव गं." आई म्हणाली, "टिपऱ्या घरी हायत्या." रावसाहेबांचा एक माणूस पुढं झाला आणि त्यानं हातातल्या काठीनं ढोलावर रट्टा घातला. दोऱ्या सैल होत्या. गादीवर काठी मारल्यासारखा धप्प आवाज आला. मागच्या पोरांमध्ये हशा पिकला, आणि हसले ते ढोलाला नाही, त्या माणसाला. आई तसूभर हलली नाही.

पाहुणे चांगले होते, म्हणजे बोलायला चांगले होते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "बाई, ढोल का वाजत नाही तुमचा?" तात्यांनी कार्नेट खाली घेतलं. आई म्हणाली, "वाजवनारा लढाईत मेला. माझा मालक. ह्या दगडावर न्हाय त्यो." पाहुण्यांनी रावसाहेबांकडं बघितलं, रावसाहेबांनी जमिनीकडं. "अरे, मग घाला की नाव!" पाहुणे म्हणाले. "वीर जवान म्हणून कोरून टाका. काय नाव त्यांचं?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या छातीत एवढं भरून आलं की मीही वाजवल्या. मला वाटलं, झालं, जिंकलो.

आई म्हणाली, "काय म्हनून कोरनार?"

"वीर जवान. सगळ्यांचं तसंच असतं."

"त्ये बॅण्डचं हुतं. ढोल वाजवायचं आन लढाईत जखमी आनायचं. एका पोराला आनताना गेलं. तसं लिवा."

रावसाहेबांना आता आवाज फुटला. "आगं ए, हुतात्म्याच्या दगडावर ढोल लिवत्यात व्हय? हसतील लोक!" पाहुणे हसले. बघू, नंतर बघू, असं काहीतरी म्हणाले, घड्याळाकडं बघितलं आणि दोरी ओढली. कापड खाली पडलं. छायाचित्रवाल्यानं फोटो घेतला. मी आईवर इतकी चिडले की मला रडू फुटलं. नाव मिळत होतं, हातातोंडाशी आलं होतं, आणि हिनं एका शब्दासाठी घालवलं. तेव्हा मला तसंच वाटलं. बॅण्डवाला हा शब्द झाकून नाव मिळवणं म्हणजे मांडवाच्या मागं बसून बुंदी खाणंच, हे मला कळायला पुढं बरीच वर्षं लागली.

तेवढ्यात तात्यांनी हुकूम दिला. पलटणीतल्या आवाजात, जो आम्ही घरात कधी ऐकला नव्हता. "पीछे मुड!" सगळा बॅण्ड एका दणक्यात फिरला, आईसुद्धा, तिला तो हुकूम कुणी शिकवला होता कुणास ठाऊक. दगडाला पाठ आणि गावाकडं तोंड करून त्यांनी धून पहिल्यापासून सुरू केली आणि पाहुण्यांची जीप कालव्याच्या पुलापलीकडं जाईपर्यंत वाजवली. सुपारी पुरेपूर फेडली. गोदाक्का खुर्चीवरून उठल्या, बॅण्डला वळसा घालून पुढं आल्या आणि जमिनीवर बसल्या. कुणीतरी म्हणालं, आक्का, खुर्चीवर बसा की. त्या म्हणाल्या, "तितनं मला पोरं दिसंनात."

पुढची दोन लग्नसराया खालच्या अंगाच्या मोठ्या घरांनी बारामतीहून बॅण्ड आणले. आमच्याकडं माडग्याचे दिवस वाढले. पण कऱ्हाटी, पिंपळी अशा गावांतून पलटणीतले म्हातारे येऊन तात्यांना विचारू लागले, आमच्याही दाराशी याल का, आमचाही एक गेलाय. सुपारी न घेता बॅण्ड तिथंही जाऊ लागला, प्रत्येक दारी सैल दोऱ्यांचा ढोल घेऊन. आई जगली तोवर ढोल तिनंच वाहिला, आणि दर मार्गशीर्षात शाळेपाशी आलं की बॅण्ड दगडाला पाठ करूनच वाजवायचा. लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायचं काम पुढं माझ्याकडं आलं. नवरदेवाच्या बापाशी पहिली अट मी एकच घालायची, की माझी माणसं मांडवात जेवतील. अट मोडली तर वरात अर्ध्यात सोडून येईन, असं तोंडावर सांगायची, आणि एकदा सोडून आलेही.

गेल्या वर्षी रावसाहेबांचा नातू मोटारसायकलवरून माझ्या दारात आला. आता तोच सरपंच आहे. पोरगा नम्र आहे, चहा मागून घेतला. म्हणाला, "आत्या, जुना दगड काढून ग्रॅनाईटचा बसवतोय. आजोबांचं नाव न्हाय त्यात, समितीचंबी न्हाय. बबनआजोबांचं घालायचंय. काय लिवू?" मी त्याला आईचेच शब्द सांगितले. त्यानं ते मोबाईलवर टिपले, वाचून दाखवले, आणि लोक हसतील असं एकदाही म्हणाला नाही. तो गेल्यावर मी भांडी घासता घासता मोठ्यांदा रडले. शेजारीण धावत आली. तिला सांगितलं, काही नाही, माझ्या बापाचं नाव लागलंय.

उद्घाटन त्यानं मार्गशीर्षातल्या त्याच दिवशी ठेवलं. मी आदल्या दिवशीच जाऊन दगड बघून आले. दोन नावं होती. वडिलांच्या नावाखाली लिहिलं होतं, पलटणीच्या बॅण्डमधील ढोलवादक, जखमींना आणताना धारातीर्थी पडले. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. आई हवी होती, असं फार वाटलं. दुसऱ्या दिवशी बॅण्ड ओढा ओलांडून आला. ढोल पुढं, बूट मागं. कार्नेटवर आता तात्यांचा नातू संदीप असतो, एरवी तो एमआयडीसीत डेअरीच्या प्लांटवर पाळी करतो. दगडापाशी आल्यावर तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आत्या, आता नाव आलं. आता तोंड दगडाकडं करायचं न्हवं?"

मी त्याला थांब म्हटलं आणि बघितलं. दगडाशेजारी मांडव होता. पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. एक मोबाईलवर बोलत होते, एक पाण्याच्या बाटलीचं झाकण काढत होते. ढोल त्यांच्यासमोर येऊन उभा होता.

"दगडाशी आपलं मिटलं," मी म्हटलं. "पन ढोल आल्यावर त्यांच्यातलं उठलं का कुनी?"

संदीपनं बघितलं. "न्हाय."

"मग?"

तो हुकूम द्यायला तोंड उघडणार होता, पण मी त्याला तो देऊ दिला नाही. माझ्या आवाजात आता दम राहिलेला नाही, तरी मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल इतका होता. "पीछे मुड!" सगळा बॅण्ड वळला, मीही वळले. धून सुरू झाली तेव्हा मागं खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, आधी एक, मग बऱ्याच. मी मान वळवून बघितलं नाही.